घरी शिवलेल्या सॅकला फ्रेमच्या पट्ट्या बसवताना

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरलो, तोरण्याची धार धरली आणि तासाभरात डाव्या बाजूला कमरेखाली काहीतरी टोचायला लागलं. आधी वाटलं, स्टोव्ह आडवा झाला असेल. सॅक उतरवून पाहिली तर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तळातून दोन बोटं बाहेर डोकावत होती. पट्टी शाबूत, कापडही शाबूत, तळाची टीप मात्र सरळ उसवत गेलेली. मग मोज्यांची घडी तिच्या टोकाला बांधली, वरून नाडी आवळली आणि बुधला माचीपर्यंत सगळा भार खांद्यांवर घेऊन चाललो. सॅक मीच शिवलेली, त्यामुळे शिव्या घालायलाही दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर आणखी तीन सॅक शिवल्या. कापड, चेन, खिसे यांवर सांगणारे पुष्कळ भेटतात. पट्ट्या बसवायच्या कशा, हे मात्र मला उसवून-उसवूनच कळलं. ते इथे क्रमाने लिहितो. सरळ टीप मारता येते आणि सॅकचा साधा साचा तुमच्याकडे तयार आहे, असं धरून चालतो.

आधी हे ठरवा: फ्रेम हवीच आहे का?

एका दिवसाच्या ट्रेकला पाच-सहा किलोची सॅक असेल तर पट्ट्यांच्या नादाला लागू नका. झोपायची फोमची मॅट घडी करून पाठीकडच्या बाजूला सरकवली की काम भागतं. आठ किलोपर्यंत मी तेच करतो. दहा किलोच्या पुढे गेलात, म्हणजे हिमालयातला आठवड्याचा ट्रेक असो नाहीतर अलंग-मदन-कुलंगसारखा दोर आणि पाणी वाहून न्यायचा ट्रेक असो, तिथे मऊ सॅक बसकण मारते. सॅक मधे दुमडली की कंबरपट्टा कितीही आवळा, वजन खांद्यावरच येतं.

पट्टीचं काम एवढंच, वरचं वजन न वाकता कमरेपर्यंत पोचवणं. याचा अर्थ सगळा दाब तिच्या खालच्या टोकावर येतो. म्हणून या लेखात मी तळावर जास्त बोलणार आहे आणि बाकीच्या गोष्टी उरकत जाणार आहे.

काय काय लागेल

- अ‍ॅल्युमिनियमची चपटी पट्टी, २५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड, दोन नग
- नायलॉनचा बेल्ट, ३८ मिमी म्हणजे दीड इंची, साधारण दोन मीटर
- २० मिमीचा बेल्ट, वरच्या ओढपट्ट्यांसाठी, आणि दोन अ‍ॅडजस्टर
- जाड कॉर्डुराचे (चिवट नायलॉन कापडाचे) तुकडे, तळाला अस्तर म्हणून
- ३८ मिमीचं वेल्क्रो, वीतभर
- बॅग शिवायचा नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोरा, १८ नंबरच्या चार-पाच सुया
- हॅक्सॉ, कानस, पॉलिश पेपर
- खडू, मापाची स्टीलची पट्टी, लायटर, कागदाला लावायच्या काळ्या क्लिपा

सुती दोरा वापरू नका, घाम आणि पावसाने तो कुजतो. टाचण्याही नकोत. कोटिंग केलेल्या कापडाला पडलेलं भोक बुजत नाही. क्लिपा लावा, नाहीतर कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

मशिनबद्दल विचाराल तर घरातलं जुनं काळं मशीन सगळ्यात उत्तम. झिगझॅग येत नाही, पण बेल्टचे दोन-तीन थर ते कुरकुर न करता टोचतं. माझं आजीचं आहे, पायडलवालं. प्लास्टिकचं हलकं मशीन असेल तर जाड जागी मोटर वापरूच नका, बाजूचं चाक हाताने फिरवत एकेक टाका घाला. जाड दोरा बॉबिनमधून नीट सुटत नसेल तर बॉबिन केसचा स्क्रू पाव आटा सैल करा. सैल करण्याआधी त्याची जागा लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी ब्लाउज शिवणारी व्यक्ती तुमच्याशी बोलणार नाही.

१. पाठ मोजा

उंची मोजायची नाही, पाठ मोजायची. मान खाली घातलीत की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो. ते वरचं टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. बोटांना कमरेच्या हाडाची वरची कड लागते. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ मनात काढा, ती जिथे मणक्यांना छेदते ते खालचं टोक. या दोहोंमधलं अंतर टेपने, पाठीच्या वळणाला टेप चिकटवून, दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. आपलं आपण मोजलं की दोन-तीन सेंटीमीटर हमखास चुकतं.

माझी पाठ ४६ सेंमी भरते. पट्टी कंबररेषेच्या ४ सेंमी खाली जावी आणि मानेच्या मणक्याच्या ७ सेंमी वर यावी, म्हणजे माझी पट्टी ५७ सेंमी. तुम्ही तुमच्या मापात ११ मिळवा.

इथला सापळा असा, की जास्त उंच पट्टी जास्त आधार देईल असं वाटतं. कातळटप्प्यावर वर बघायला मान मागे टाकलीत आणि हेल्मेट पट्टीवर आपटलं, की हा गैरसमज मिटतो.

२. पट्टी आणा आणि कापा

स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे किंवा अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात ही पट्टी मिळते. पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळीच्या बाजूला एक चक्कर टाका, बाकीचं किडुकमिडुकही त्याच फेरीत होईल. खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम बहुतेक ६०६३ जातीचं असतं. ६०६१ टी-६ मिळालं तर ते घ्या. ताठपणा दोन्हींचा जवळपास सारखाच, पण ६०६३ लवकर वाकतं आणि वाकलेलंच राहतं. मी पहिल्या दोन सॅकना ६०६३च घातलं होतं. सॅक आपटली की दर ट्रेकनंतर गुडघ्यावर पट्टी सरळ करत बसायचो, एवढाच त्रास.

जाडीत मात्र कंजुषी करू नका. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २ मिमीची पट्टी ३ मिमीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही ताठ नसते. वजनाचा हिशेब सोपा आहे. ५७ सेंमी लांब, २५ बाय ३ मिमीची एक पट्टी साधारण ११५ ग्रॅम भरते, दोन मिळून २३०. वजन कमी करायचं असेल तर पातळ पट्टी घेण्यापेक्षा अरुंद घ्या. १२ बाय ३ची जोडी ११० ग्रॅमच्या आसपास होते आणि दहा-अकरा किलोपर्यंत ती पुरते. त्यासाठी खोळीची, म्हणजे पट्टी ज्यात सरकवायची त्या अरुंद कप्प्याची मापं बदला, पुढे सूत्र दिलंय.

कापल्यावर टोकावर दहा रुपयांचं नाणं ठेवून गोलाई आखा आणि कानशीने घासा. मग कडांवर पॉलिश पेपर. कड गालावर फिरवून बघा. गालाला टोचली तर कापडालाही कापणार. चारही टोकांना इलेक्ट्रिकच्या दुकानातली हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी) चढवा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावायचा मोह मलाही झाला होता. ते रबर खोळीत असं चिकटून बसलं की पट्टी बाहेर काढायला खोळ उसवावी लागली.

३. पाठीच्या तुकड्यावर खुणा करा

पाठीचा तुकडा सुटा, सपाट असतानाच सगळं करायचं. बाजू जोडल्या की खोळ शिवणं म्हणजे बरणीत हात घालून लाडू वळणं.

उलट्या बाजूला खडूने खालून वर रेघा आखा. पहिली, तळाच्या शिवणीची रेघ (कापडाची कड नव्हे, अर्धा इंच माया सोडून). तिच्यावर २ सेंमीला पट्टीच्या तळाची रेघ. त्यावर ४ सेंमीला कंबररेषा. त्यावर तुमच्या पाठीचं माप, म्हणजे मानेची रेघ. आणि तिच्यावर ७ सेंमीला पट्टीचा माथा.

मधोमध एक उभी रेघ ओढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना ६ सेंमीवर एकेक. या दोन रेघा खोळींच्या मध्यरेषा. मणका दोन पट्ट्यांच्या मधल्या घळीत राहिला पाहिजे.

तळाच्या भागात, दोन्ही खोळींखाली येईल असा जाड कॉर्डुराचा २० बाय १० सेंमीचा तुकडा आताच शिवून टाका. त्याची खालची कड तळाच्या शिवणीत जाऊ द्या.

४. बाहेरच्या बाजूचं काम आधी उरका

या पायरीवर मी स्वतः घसरलोय. दुसऱ्या सॅकला खोळी अगदी सुबक शिवल्या, आणि मग बाहेरून खांद्याचे पट्टे जोडले. टीप थेट खोळीतून गेली. पट्टी आत घातली तर अर्ध्यात थांबली. रात्री साडेअकराला ब्लेडने टाके कापत बसलो.

म्हणून बाहेरचं सगळं आधी. खांद्याचे पट्टे मानेच्या रेघेखाली ३-४ सेंमीवर. कंबरपट्ट्याचा मधला तुकडा कंबररेषेवर, उंचीत मधोमध येईल असा. आणि वरच्या ओढपट्ट्या. या ओढपट्ट्या सॅकचा माथा खांद्याकडे खेचून धरतात, पट्ट्यांचा अर्धा उपयोग त्यांच्यामुळेच. त्या पट्टीच्या माथ्याच्या किंचित खाली, खोळीच्या बरोबर पाठीमागे येतील अशा शिवा. माथ्याच्या वर शिवल्या तर त्या नुसतं कापड ओढत बसतात. सॅक अंगावर घेतल्यावर खांद्यापासून वर जाताना त्यांचा कोन ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान यावा.

प्रत्येक जोडाला चौकोन आणि आत फुली. टाका ३ मिमीचा. जितके बारीक टाके तितकं मजबूत, हा समज खोटा आहे. बारीक टाक्यांनी कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिकीट फाटावं तसं त्याच रेघेवर फाटतं.

५. खोळीचा तळ

माझ्या पहिल्या सॅकमध्ये मी कापडाचा लांब बोळ शिवला होता आणि त्याचं खालचं तोंड आडव्या टिपेने बंद केलं होतं. पट्टीचं टोक दर पावलाला त्या टिपेवर आपटत होतं. दिवसाला पंचवीस-तीस हजार पावलं, आणि उतारावर उडी मारली की वेगळा दणका. कुठलाही दोरा तिथे टिकला नसता.

उपाय असा, की पट्टीच्या टोकाखाली टीप येऊच द्यायची नाही. तिथे बेल्टची घडी आणायची. बेल्टचा जाडजूड विणलेला पट्टा दाब सोसतो, टाके त्याला फक्त जागेवर धरून ठेवतात.

३८ मिमीचा बेल्ट ७० सेंमी कापा, दोन्ही टोकं लायटरने वितळवून बंद करा. आता एका टोकाकडचे ८ सेंमी पाठीच्या तुकड्याच्या उलट्या बाजूवर, खोळीच्या मध्यरेषेवर ठेवा. टोक वर, आणि ८ सेंमीची खूण बरोबर पट्टीच्या तळाच्या रेघेवर. उरलेला लांब बेल्ट खाली, तुमच्या मांडीवर लोंबू द्या. या ८ सेंमीच्या शेपटीला चौकोन आणि फुली मारा, दोनदा. वरच्या कडेची आडवी टीप अगदी टोकालगत घ्या. ती कड उघडी राहिली तर वरून घातलेली पट्टी शेपटीच्या खाली शिरते आणि सगळी मेहनत फुकट. खालची आडवी टीप मात्र घडीच्या रेघेपासून एक सेंमी वर थांबवा, घडीला जागा हवी.

आता लोंबणारा बेल्ट वर उचला आणि शेपटीवर दुमडून माथ्यापर्यंत सपाट ठेवा. तळाच्या रेघेवर जी घडी पडली ते पट्टीचं बसायचं आसन. पट्टीचं टोक बोटाने दाबून बघा. दाब घडीवर जातो, घडीतून शेपटीच्या फुलीवर आणि तिथून मागच्या बाजूच्या कंबरपट्ट्यावर. कंबरपट्टा आणि शेपटी एकाच उंचीवर का ठेवली, ते आता लक्षात येईल.

घडी आणि तळाची शिवण यांत २ सेंमी सोडले आहेत तेही मुद्दाम. सॅक जमिनीवर टेकवताना तळ घासतो. पट्टी तिथवर पोचली तर दगड आणि पट्टी यांच्या मधे कापडाचा चोथा होतो.

६. खोळीच्या कडा

आता बेल्टच्या दोन्ही उभ्या कडांवरून, कडेपासून ३ मिमी आत, तळापासून माथ्याच्या रेघेच्या ३ सेंमी खालपर्यंत टीप. तळाच्या १० सेंमीत त्याच टिपेवरून दुसऱ्यांदा जा. मशीन कोटिंगला चिकटून अडत असेल तर कापड आणि दात यांच्यामध्ये बटर पेपरची पट्टी घाला, नंतर ती फाडून काढता येते.

मापाचं सूत्र सोपं आहे. खोळ आतून सपाट मोजली तर पट्टीची रुंदी अधिक जाडी अधिक ४ मिमी. २५ अधिक ३ अधिक ४, झाले ३२. ३८च्या बेल्टमधून दोन्हीकडचे ३-३ मिमी वजा केले की बरोबर ३२ उरतात, म्हणून तर दीड इंची बेल्ट सांगितला. १२ मिमीची पट्टी असेल तर २५चा बेल्ट पुरेल. खोळ यापेक्षा सैल झाली तर पट्टी आत खुळखुळते आणि चालताना एक कुर्र-कुर्र असा आवाज येत राहतो. तंबूतल्या जोडीदाराला तो तीन दिवस पुरतो.

दुसरी कड शिवण्याआधी स्टीलची पट्टी आत ठेवून रुंदी तपासा. उसवायचं झालं तर एकच टीप उसवावी लागेल.

७. वरचं तोंड

बेल्ट माथ्याच्या रेघेला साधारण ३ सेंमी कमी पडेल असा कापा, म्हणजे पट्टीचं टोक धरून काढता येईल. तोंडाच्या वर, पट्टीच्या माथ्यापलीकडे १ सेंमी सोडून, १२ सेंमीचा बेल्टचा तुकडा शिवा आणि तो तोंडावरून खाली दुमडून वेल्क्रोने खोळीवर चिकटवा. इथे वर ढकलणारा जोर फार नसतो, त्यामुळे वेल्क्रो पुरतं.

तोंड कायमचं शिवून टाकू नका. सॅक धुवायला पट्ट्या काढाव्या लागतात, आणि पावसाळी ट्रेकवरून आल्यावर ओल्या खोळीत त्या ठेवल्या की आतून कुबट वास मारतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्वस्त कोटिंग तसंही पापुद्र्यासारखं सुटतं, त्याला आणखी मदत कशाला?

८. पट्टीला पाठीचं वळण द्या

सरळ पट्टी घालून पाहिलीत तर कमरेच्या खोलगट भागात ती टेकणारच नाही. वळण उचलायला विजेच्या फिटिंगची जाड तांब्याची वायर घ्या, कुणाला तरी ती तुमच्या पाठीवर मणक्याच्या बाजूने दाबून बसवायला सांगा आणि तो आकार वर्तमानपत्रावर उतरवून घ्या. अंगात ट्रेकचाच शर्ट असू द्या.

मग पट्टी गुडघ्यावर किंवा गुंडाळलेल्या मॅटवर ठेवून थोडी थोडी वाकवा. एका जागी कचकन नको, वीतभर लांबीत पसरलेलं वळण हवं. वरचा वीतभर भाग डोक्यापासून किंचित मागे झुकवा. जास्त वाकली म्हणून उलटी, कमी झाली म्हणून पुन्हा सुलटी, असा खेळ करू नका. अ‍ॅल्युमिनियम त्याच जागी वाकवत राहिलं की आधी कडक होतं आणि मग तडकतं. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या धरून जुळवा. झाल्यावर मार्करने एकीवर ‘डा’ आणि एकीवर ‘उ’ लिहा, शिवाय वरच्या टोकाला बाण. पहाटे चार वाजता बेस कॅम्पला कोणती कुठली हे कळत नाही.

पातेलं, स्टोव्ह पाठीत घुसू नये म्हणून दोन पट्ट्यांच्या आतून सनपॅक शीटचा (पोकळ नळ्यांच्या हलक्या प्लास्टिक पत्र्याचा) तुकडा सरकवा, नळ्या उभ्या येतील असा. निवडणुका झाल्या की उतरवलेल्या फलकांचा हा माल कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे पडून असतो. माझ्या पाठीशी सध्या एका पडलेल्या उमेदवाराचा अर्धा चेहरा आहे.

९. सॅक बंद करण्याआधी आणि नंतर

बाजू जोडण्याआधी पट्ट्या आत घाला, पाठीचा तुकडा भिंतीला उभा धरा आणि पट्टीच्या माथ्यावर तळहाताने सगळा जोर टाका. घडी हलली, टाके ताणून भोकं दिसली, तर आत्ता दुरुस्त करा. मग पट्ट्या काढा आणि बाजू जोडा. बाजूच्या शिवणीत खोळीची कड येत नाही ना, तेवढं बघत चला.

सॅक पूर्ण झाली की पाण्याच्या बाटल्या आणि तांदळाच्या पिशव्या भरून बारा किलो करा आणि इमारतीचे जिने चढा-उतरा, अर्धा तास. कंबरपट्टा आवळून खांद्याचे पट्टे थोडे सैल करा. खांदा आणि पट्टा यांच्यात बोट सहज सरकलं आणि सॅक खाली घसरली नाही, तर पट्ट्या काम करताहेत. खांदे लगेच दुखायला लागले तर बहुतेक वेळा कंबरपट्टा खाली बसलेला असतो किंवा पट्टीला वळण कमी पडलेलं असतं. शिवणीला दोष देण्याआधी या दोन गोष्टी तपासा.

पहिल्या ट्रेकहून आल्यावर सॅक उलटी करून तळाच्या घडीवर टॉर्च मारा. बेल्टवर पट्टीच्या टोकाची चंद्रकोरीसारखी खूण पडलेली दिसेल, ती पडायचीच. तिथे धागे पिंजारलेले असतील तर पट्टीची कड नीट घासलेली नाही. पुन्हा कानस घ्या. दोरा, सुई आणि बेल्टचा एक तुकडा मात्र सॅकच्या वरच्या कप्प्यात कायमचे राहू द्या. मी मोज्यांची जादा जोडीही ठेवतो.